स्मरणचित्राचा पेपर आणि शेवटची एसटी

प्रश्न विट्याच्या एका १८ वर्षांच्या मुलाचा आहे. थोडक्यात असा: “सर, लहानपणापासून चित्रं काढतो. आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट, दोन्हीला ए ग्रेड. अकरावीपासून चित्रं मागे पडली आणि मोबाइलवर शूटिंगचा नाद लागला. गेल्या गणपतीत मित्रांना घेऊन ९ मिनिटांची शॉर्टफिल्म केली, शेवटची एसटी चुकलेल्या मुलाची. सगळे म्हणतात फोटोग्राफी भारी आहे, पण शेवटपर्यंत कुणी बघत नाही. ४० हजार साठलेत, कॅमेरा घेऊ का? आणि इतकी वर्षं काढलेली चित्रं वाया गेली का? वडील म्हणतात, एक काहीतरी धर.”

मी गेली २२ वर्षं जाहिराती आणि मालिकांसाठी स्टोरीबोर्ड काढतोय, म्हणजे शूटिंगच्या आधी एकेक शॉट कागदावर चौकटीत. मधली काही वर्षं एडिटिंगही केलं. त्या जोरावर उत्तर देतो.

कॅमेरा घेऊ नकोस. एवढं आधीच सांगतो, म्हणजे पैसे जागेवर राहतील आणि बाकीचं तू निवांत वाचशील.

तुझी फिल्म मी दोनदा बघितली. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा आवाज बंद करून, हातात पेन घेऊन. रिकाम्या स्टँडची ती चौकट आहे ना, वर गाड्यांच्या वेळांचा फलक, खाली कोपऱ्यात एवढासा पोरगा, उजवीकडे चहाच्या टपरीचा पिवळा बल्ब, ती बघून मी फिल्म थांबवली. संकल्पचित्राचा, म्हणजे डिझाइनच्या पेपरचा कागद ज्यानं मनापासून भरलाय त्यालाच जागा अशी मोकळी सोडता येते. मोबाइल कितीही भारी असू दे, हे त्याच्याकडून येत नाही. म्हणजे चित्रं वाया गेली का, याचं उत्तर तुझ्याच फिल्ममध्ये तिसऱ्या मिनिटाला आहे.

आता पेनानं काय टिपलं ते सांगतो. ९ मिनिटांत ३१ शॉट. सरासरी काढलीस तर एक शॉट १७ सेकंदांचा. काही शॉट १७ सेकंद पेलतात, काही तासभर बघितले तरी चालतील, पण तुझे बरेचसे शॉट पाचव्या सेकंदाला संपलेत. तरी ते पडद्यावर आहेत, कारण ते सुंदर आहेत आणि तुला काढवले नाहीत. दुसरं, पोरगा बसमागे डावीकडून उजवीकडे पळतो आणि पुढच्याच शॉटमध्ये बस उजवीकडून डावीकडे जाते. बघणाऱ्याला वाटतं, बस त्याच्या अंगावर येतेय. तू रस्त्याच्या त्या बाजूला जाऊन उभा राहिलास, कारण तिथनं उजेड चांगला होता. बरोबर ना?

चित्र काढणाऱ्या सगळ्यांचा हा आजार आहे. मलाही झाला होता.

माझी पहिली फिल्म २००३ सालची. मिरजेत लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून मिनी डीव्ही कॅमेरा दोन दिवसांसाठी मागून आणला होता. तयारी म्हणून मी महिनाभर बसून ७० चौकटी जलरंगात रंगवल्या. आकाशाला वॉश, झाडांच्या सावलीला जांभळा हात, सगळं. आणि शूटिंगच्या दिवशी मी काय केलं, तर मावसभावाला म्हटलं, इथं उभा राहा, हनुवटी वर, डावा हात खिशात, जसा कागदावर आहेस तसा. तो बिचारा पुतळ्यासारखा उभा राहिला. चालायला सांगितलं तर त्याला चालता येईना, कारण मी त्याला चालताना काढलाच नव्हता. मग ती टेप घेऊन आम्ही एडिटिंगला बसलो. तो एडिटर लग्नाच्या कॅसेटी जोडून जोडून तयार झालेला माणूस. अर्धा तास गुमान बघत राहिला आणि म्हणाला, “फोटू झ्याक आल्यात. पर ह्यो गडी हिकडं आला कुठनं?”

त्या वाक्यापाशी माझं शिक्षण सुरू झालं असं धर. एक चित्र पुढच्या चित्राला कसं चिकटतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. ड्रॉइंगच्या वर्गात एकच कागद असतो. पेपर सुटला की तो कागद संपतो.

तरी त्याच वर्गात एक विषय असा आहे की ज्यात सिनेमा लपलेला आहे: स्मरणचित्र. आठवून बघ, विषय कसले यायचे? बाजार, जत्रा, पाणवठा, बसस्थानक. आणि आपण काय काढायचो? पाठ करून ठेवलेली माणसं. मागे अर्धी बस, पुढे ट्रंक घेतलेला फेटेवाला, शेजारी पदर घेतलेली बाई, तिच्या हाताला फुगा धरलेलं पोर. फुगेवाला तर प्रत्येक विषयात असायचाच, पाणवठ्यावरसुद्धा. ग्रेड मिळायची, कारण मांडणी बरी आणि रंग स्वच्छ. पण त्या चित्रात स्मरण काही नव्हतं, साचा होता. तुझ्या फिल्ममधला पोरगाही तसाच साच्यातला आहे. बस चुकली की तो गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकतो, मग आकाशाकडे बघतो. बस चुकल्यावर आकाशाकडे बघणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

म्हणून पहिलं काम. विट्याच्या स्टँडवर संध्याकाळी एक तास जाऊन बस. मोबाइल पिशवीत. हातात साधी वही आणि जेलपेन. माणसांचे चेहरे काढू नकोस, ते हातानं काय करतात तेवढं काढ. तिकिटाचे पैसे लोक कुठून काढतात? बस लागली की दार उघडायच्या आधी काय होतं? खिडकीतून रुमाल आत पडतो. कुणी टोपी टाकतं, कुणी पिशवी, पण रुमाल हा राजा. जागा धरायचा तो आपल्याकडचा कायदा आहे, कुठं लिहिलेला नाही तरी सगळे मानतात. हे तू हजार वेळा बघितलंयस. तुझ्या फिल्ममध्ये ते नाही.

समज, ते घेतलं. पोरगा रुमाल टाकून जागा धरतो, वडापाव आणायला जातो आणि बस रुमाल घेऊन निघून जाते. आता ही गोष्ट सांगायला तुझा तो ‘शेवटची बस होती रे, आता काय करायचं’ हा फोनवरचा दीड मिनिटाचा संवाद लागतो का? कागदावर बघू. वहीत ८ सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच अशा चौकटी आखून घे. मोबाइलवरच्या आडव्या व्हिडिओचं नेहमीचं प्रमाण हेच आहे, १६ बाय ९. मी एकेक सांगत जातो.

पहिल्या चौकटीत फक्त हात. घडी घातलेला रुमाल खिशातून निघतो, झटकला जातो. दुसऱ्या चौकटीत बसची खिडकी बाहेरून. पोरगा टाचा उंचावतो, हात आत जातो. तिसरी बसच्या आतून: रिकामं सीट, वरून रुमाल येऊन पडतो, खिडकीच्या गजापलीकडे पोरग्याची पाठ लांब जाते. चौथी वडापावच्या गाड्यावर, कागदात पाव गुंडाळणारे दोन हात आणि समोर सुटे पैसे चाचपणारे दोन हात. पाचवी चौकट तीच राहू दे, कॅमेरा हलवू नकोस. आता कंडक्टरची घंटी ऐकू येते. दोनदा. बस दाखवायची नाही. नाणी मोजणारा अंगठा थांबतो, बास. सहावीत मान वळते. सातवीत बस फाटकाबाहेर पडते, पोरगा ज्या दिशेला बघतोय त्याच दिशेला. आठवी परत बसच्या आत: सीटवर रुमाल, बस हलेल तसा हलतोय, आणि उभी माणसं असूनही त्या जागेवर कुणी बसत नाही. नववी म्हणजे तुझी ती रिकाम्या स्टँडची चौकट. जशीच्या तशी. फक्त पोरग्याच्या हातात आता वडापाव आहे.

घड्याळ लाव, पाऊण मिनिटात होतं. तुझ्या फिल्ममध्ये इथपर्यंत यायला चार मिनिटं लागतात. आणि गंमत बघ, जी चौकट तू तिसऱ्या मिनिटाला नुसती सुंदर म्हणून टाकली होतीस, ती आता नवव्या नंबरावर आल्यावर तिला बघून पोटात काहीतरी होतं. चौकट तीच आहे. तिच्या आधी काय आलं, त्यानं तिची किंमत ठरली. आठव्या चौकटीचं तर मला स्वतःलाच कौतुक वाटतंय, पण ती तुला देऊन टाकतो.

या चौकटी काढताना एक बंधन पाळ. एका चौकटीला दीड मिनिट, जास्त नाही. माणूस म्हणजे काडीचा सांगाडा, तोंड म्हणजे गोल आणि नाक कुठल्या बाजूला ते दाखवायला एक रेघ. कोण कुठं चाललाय त्याचा बाण. रंग नाही, खोडरबर नाही, छाया नाही. चौकटीखाली तीन गोष्टी लिही: काय घडतं, काय ऐकू येतं, किती सेकंद. ए ग्रेडवाल्या मुलांना हे फार जड जातं. हात आपोआप बोटांची नखं काढायला लागतो. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीला मी जाड मार्कर दिला होता, तेव्हा कुठं तिची नखं काढायची थांबली.

मग या नऊ चौकटींचे मोबाइलवर फोटो काढ, एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये एकापुढे एक टाक, खाली लिहिलेत तेवढे सेकंद दे, आणि तोंडानं आवाज काढून रेकॉर्ड कर. घंटी, गाड्यावरच्या कढईचा आवाज, बसची घरघर. याला धंद्यात अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. मोठ्या जाहिरातींना हेच आधी करतात, कारण चूक कागदावर असताना दुरुस्तीला काही लागत नाही. ते घरात कुणालातरी दाखव. ‘चांगलंय का’ असं विचारू नकोस. ‘काय झालं ते सांग’ एवढंच म्हण. आईनं जर विचारलं, “रुमाल कुणाचा?” तर पहिली चौकट कच्ची आहे.

आता तुला तुझ्याच भागातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो, कारण हे सगळं तुझ्या-माझ्यावर पहिल्यांदा आलेलं नाही. कोल्हापूरचे बाबूराव मिस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर. जन्म १८९०. ते आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, नदीकाठ, सगळं कापडावर. दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले, पण बाबूरावांनी नाद सोडला नाही. कॅमेरा स्वतः जुळवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. हा माणूस पडदे रंगवण्यात वाकबगार, त्यावर पोट भरलेलं, नाव झालेलं. आणि सिनेमात आल्यावर त्यांनी रंगवलेले पडदेच काढून टाकले. त्यांच्या जागी खरीखुरी, माणसाला आत-बाहेर करता येईल अशी घनाकृती नेपथ्यं उभी केली. कृत्रिम प्रकाश वापरला. वेशभूषेची रेखाटनं स्वतः केली, पोस्टरं स्वतः रंगवली. म्हणजे चित्रकला सोडली कुठं? फक्त कॅमेऱ्यापुढं सपाट कापड चालत नाही, तिथं माणूस फिरतो, त्याची सावली पडते, हे त्यांना समजलं. हातात असलेली सगळ्यात चांगली गोष्ट ज्या जागी अडते त्या जागी ती बाजूला ठेवायला फार धीर लागतो. तुझे १७ सेकंदांचे शॉट हे तुझे रंगवलेले पडदे आहेत.

दादासाहेब फाळक्यांचंही बघ. जे. जे. कला विद्यालयात शिकले, फोटोग्राफी केली, छपाईचा धंदा केला, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढायच्या आधी भांडवल देणाऱ्यांना दाखवायला म्हणून एक चिमुकली फिल्म केली: कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ. रोप वाढेल तशी थोडीथोडी फिल्म घेत गेले आणि पडद्यावर मात्र रोप भराभर वाढलं. हे तुला घरी करता येतं, तेही मटकीवर. वाटीत ओल्या फडक्यावर भिजलेली मटकी पसरव. मोबाइल डब्याला टेकवून पक्का बसव, चार्जर लावून ठेव, खिडकी बंद, एकच दिवा सतत चालू. ठरावीक अंतरानं आपोआप फोटो घेणारं अ‍ॅप लाव, दर ५ मिनिटांनी एक फोटो. २४ तासांत २८८ फोटो होतात. सेकंदाला २४ फोटो या हिशेबानं ती झाली १२ सेकंदांची फिल्म. पहिल्यांदा तुझी फिल्म लुकलुकेल, कारण मोबाइल दर फोटोला उजेड स्वतःच्या मनानं ठरवतो. पडद्यावर बोट दाबून धरलंस की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो, ते तेव्हा कळेल आणि जन्मभर लक्षात राहील. शिवाय वेळ म्हणजे काय हे हाताला कळतं. मटकीची उसळ होते ते वेगळं.

तसंच वहीच्या कोपऱ्यात चालणारा माणूस काढायचा खेळ केला असशील, भराभर पानं उलटायचा. तो परत कर. सेकंदाला १२ चित्रं पुरतात. साधी चाल म्हणजे सेकंदाला दोन पावलं, म्हणजे एका पावलाला ६ चित्रं. ही ६ चित्रं काढून बघितलीस की माणूस चालताना त्याचं डोकं वरखाली होतं हे दिसेल, आणि मग तू कुठल्याही नटाला ‘असा उभा राहा’ म्हणणार नाहीस.

नटांवरून आठवलं. मुख्य काम करणारा तुझा मित्र वाईट नट नाही. त्याला तू चेहरा करायला लावलास, म्हणून तो वाईट दिसतो. ‘दुःखी हो’ असं सांगितलं की कुणाचाही चेहरा दाढदुखीसारखा होतो. त्याला हाताला काम दे. नाणी मोज, १५ रुपये होतात का बघ, खरंच मोज. घंटी वाजली की थांब. पुढचं त्याच्या चेहऱ्यावर आपोआप येईल, किंवा काहीच येणार नाही, आणि नाही आलं तरी चालतं. बघणारा आपलं दुःख तिथं भरतो.

तांत्रिक बाजूचं जास्त लांबवत नाही. टपरीच्या शॉटमध्ये पडद्यावर पट्टे सरकतायत, ते कशानं हे तू विचारलं नाहीस, पण ते मला टोचत होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मिचमिचतात. मोबाइल आपल्या मनानं शटरची गती धरतो आणि तिचा या मिचमिचण्याशी मेळ बसत नाही. प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/५० किंवा १/१०० ठेव, पट्टे जातात. भर दुपारी १२ वाजता शूट करू नकोस, डोळ्यांच्या खोबणी काळ्या येतात. संध्याकाळचा उजेड घ्यायचा तर तो अर्धा-पाऊण तासच टिकतो. त्यामुळे नऊ शॉट एका संध्याकाळी होणार नाहीत, तीन संध्याकाळी धर. आणि आडवं शूट करायचं की उभं, हे आधी ठरव. रीलसाठी उभं करायला माझी ना नाही, पण मग चौकटीही उभ्या आखायच्या. आडवं घेऊन नंतर कापलंस तर तुझी ती मोकळी जागाच जाते, म्हणजे तुझ्याकडचं जे सोनं तेच जातं.

बसच्या आतल्या शॉटसाठी भलतं धाडस नको. आगारात जाऊन सरळ विचार. कॉलेजची मुलं आहोत, पाच मिनिटं थांबलेल्या गाडीत रुमालाचा शॉट घ्यायचाय असं सांगितलं तर बरेचदा कुणीतरी हो म्हणतं, आणि नाही म्हटलं तर नमस्कार करून निघायचं. आठव्या शॉटला तर तिकीट काढून प्रवास कर. शेजारच्या सीटवर रुमाल ठेव आणि वीस मिनिटं घेत राहा. कुणी बसायला आलं तर उचल, त्या माणसाला काय माहीत तुझा सिनेमा चाललाय ते.

आता ज्यामुळे लोक तुझी फिल्म चौथ्या मिनिटाला सोडतात ते. चित्रकारांना हे पटत नाही, पण लोक वाईट चित्र सहन करतात, वाईट आवाज करत नाहीत. तुझा फोनवरचा संवाद ऐकू येत नाही, कारण मोबाइल दहा फुटांवर आहे आणि मध्ये वारा आणि रिक्षा आहेत. इथं तुझ्या ४० हजारांतले थोडे खर्च कर. हजार-दीड हजाराचा कॉलरला लावायचा वायरचा माइक घे. तो दुसऱ्या मित्राच्या मोबाइलला जोड, तो मोबाइल नटाच्या खिशात ठेव, रेकॉर्डिंग चालू कर. शॉट सुरू झाला की कॅमेऱ्यापुढं एक टाळी वाजव. एडिटिंगला बसल्यावर टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की सगळं जुळतं. क्लॅपबोर्ड त्यासाठीच असतो, फोटो काढून स्टेटस ठेवायला नसतो. आणि जिथं जिथं शूट करशील तिथं सगळ्यांना गप्प करून ३० सेकंद नुसता तिथला आवाज घे. स्टँड रिकामा असला तरी मुका नसतो. दोन शॉटच्या सांध्यात आवाज तुटला की बघणाऱ्याला खड्डा जाणवतो. हा ३० सेकंदांचा आवाज त्या खड्ड्यात भरायचा. घरात शूट करताना पंखा आणि फ्रिज बंद करावा लागतो, आणि फ्रिज परत चालू करायला माणूस हमखास विसरतो. म्हणून जुने साउंडवाले गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, आपोआप आठवतं. मी एकदा ठेवली नव्हती. एका काकूंचं दोन किलो आम्रखंड गेलं आणि त्या घरात आम्हाला परत पाऊल ठेवता आलं नाही.

घंटीचा आवाज वेगळा घे आणि एडिटिंगमध्ये तो चित्राच्या थोडा आधी सरकवून बघ. नाणी दिसतायत आणि बस ऐकू येतेय, असं. कान डोळ्याच्या पुढे गेला की बघणारा खुर्चीत पुढे सरकतो. पार्श्वसंगीत म्हणून हिंदी गाणं लावलंयस ते काढ. एक तर ते तुझं नाही, त्यावर हक्क सांगणारा कधीही फिल्म उतरवू शकतो. आणि दुसरं म्हणजे गाणं लागलं की तू कापायचं बंद करतोस, गाण्याच्या कडव्यावर शॉट ताणतोस. तिथंच ते १७ सेकंद येतात.

एडिटिंग मोबाइलवर सुरू कर. लॅपटॉप बरा असेल तर दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घे, तुला वर्षानुवर्षं पुरेल. पहिला कट झाला की दोन दिवस बघू नकोस. मग बघताना एक शिक्षा स्वतःला दे: सगळ्यात देखणा शॉट काढून टाक आणि फिल्म चालते का बघ. चालली तर तो शॉट वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेव, भिंतीवर लाव, काहीही कर, पण फिल्ममध्ये नको.

पैशांचं म्हणशील तर माइक, एक बऱ्यापैकी जड ट्रायपॉड (हलका घेतलास तर वाऱ्यानं थरथरतो, त्याला पाण्याची पिशवी टांगायची) आणि एक हार्डडिस्क. शूट केलेलं दोन ठिकाणी ठेवायचं, हा नियम सगळे एकदा रडल्यावरच पाळतात. राहिलेल्या पैशांतून मित्रांना वेळेवर जेवायला घाल. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. चित्र काढताना आपण एकटे असतो, कुणाला भूक लागली का विचारायची सवयच नसते. माझ्या दुसऱ्या फिल्मच्या वेळी दुपारी तीन वाजता निम्मी पोरं न सांगता घरी गेली होती. चूक माझी होती, मी आभाळातला ढग सरकायची वाट बघत होतो.

वडिलांचं ‘एक काहीतरी धर’. त्यांना सांग, एकच धरलंय, फक्त ते दोन ठिकाणी दिसतंय. पण त्यांची काळजी खोटी नाही, तेव्हा पदवी घे. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० मध्ये प्रभातच्या जुन्या स्टुडिओत सुरू झाली, आणि तिथल्या मोठ्या अभ्यासक्रमांपैकी बहुतेकांना आधी पदवी लागते. त्यामुळे तीन-चार वर्षं तशीही हातात आहेत. चित्राचा हात आहे तर उपयोजित कलेचा विचार जरूर कर. तिथं अक्षर, मांडणी, फोटोग्राफी हे सगळं एका छपराखाली शिकता येतं. नाही जमलं तर बी.ए. करतानाही फिल्म करता येते, कुणी अडवत नाही. धंद्यात चित्रवाल्यांना जागा असतात: स्टोरीबोर्ड, कलादिग्दर्शकाचा सहायक, अ‍ॅनिमेशन. पहिली काही वर्षं पैसे कमी आणि उशिरा येतात, हेही घरी आधीच सांगून ठेव. हल्ली एआय दोन मिनिटांत गुळगुळीत स्टोरीबोर्ड काढून देतं, त्यामुळे नुसता हात चांगला असलेल्यांचं काम कमी होतंय, हे मी माझ्या टेबलावर बघतोय. खिडकीतून रुमाल कुठल्या कोनात पडतो हे मात्र अजून मलाच विचारतात.

तर नऊ चौकटी काढ, अ‍ॅनिमॅटिक कर आणि ते मला पाठव, शूट त्यानंतर. आणि रुमाल पांढरा घेऊ नकोस. संध्याकाळच्या उजेडात मोबाइल पांढऱ्याचा नुसता डाग करतो, घडीही दिसत नाही. आधी बसमध्ये जाऊन सीटचा रंग बघून ये आणि त्याच्यावर उठून दिसेल असा घे, हे तुला शिकवायला नको, रंगचक्र तुझं पाठ आहे. एकाच रंगाचे तीन घे. एखादा खरंच बसबरोबर जातो.